सोपटाची गाठ

‘ऑर्चर्ड व्ह्यू’मध्ये राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी भलत्याच घरात जाऊन चहा प्यालो. दार उघडं होतं. सोफा आमच्यासारखा, पंखा आमच्यासारखा, खिडकीतून दिसणारी समोरची भिंतसुद्धा तीच. सासरे आले असं समजून एक बाई चहा ठेवून गेली. मी पेपर वाचत वाचत तो संपवला आणि हाक मारली, "साखर कमी आहे गं!" आतून जो आवाज आला तो माझ्या बायकोचा, सरलेचा नव्हता. ते निघालं बी विंग, चौथा मजला. आमचा सी विंग, चौथा मजला. लोक विचारतात, शरदचंद्र, यातलं खरं किती? मी म्हणतो, चहा खरा होता.

गंमत अशी की ही इमारत उभी आहे ती माझ्याच वाडीवर. विरारजवळ आगाशीहून निर्मळकडे जाताना उजव्या हाताला केळी, मोगरा, पानवेली होत्या आणि मधोमध बावखल, म्हणजे आमचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. बिल्डरने ते भरलं आणि त्यावर गाड्या लावायची जागा केली. तळं अजून विसरलेलं नाही. जुलैत गाड्यांच्या चाकांपर्यंत वर येतं, बघतं आणि जातं. जमिनीच्या बदल्यात मला दोन फ्लॅट मिळाले. एकात आम्ही राहतो, दुसऱ्यात मुलगा उमंग राहणार होता, तो पुण्यात राहतो.

चार विंग, प्रत्येकी सात मजले, मजल्यावर चार दारं. एकशेबारा दारं, सगळी एकाच चॉकलेटी रंगाची, त्यापुढे एकाच नक्षीची लोखंडी जाळी. दारांवरचे आकडे स्टीलचे आणि इंग्रजी. मधला बोळ लांबच लांब, त्याला खिडकी नाही. तिथला दिवा माणूस हलला की लागतो आणि उभा राहिला की विझतो. म्हणजे दोन माणसं बोलत थांबली की थोड्या वेळाने अंधारात. मग कोण थांबतंय? आमच्या जुन्या घराला रस्त्याकडे तोंड करून ओटा होता. वाटेने कोणी गेला की ओट्यावरून विचारायचं, "कुणाचा रे तू?" एवढं विचारलं की त्याची सात पिढ्यांची ओळख निघायची. इथे विचारायला कोणी नाही म्हणून दाराला भिंग बसवलंय. त्या भिंगातून बघाल तर साक्षात सद्गृहस्थसुद्धा फुगलेल्या डोक्याचा, बारीक पायाचा, चोरासारखा दिसतो.

मागच्या कुंपणाच्या भिंतीत दीड हाताची एक फट होती. वाडीतून बसस्टॉपकडे जायची जुनी पायवाट तिथून जायची, ती मोडू नका म्हणून मी बिल्डरच्या मागे लागून ठेवून घेतली होती. त्या फटीतून रोज पहाटे हंसा यायची. हंसा खाडीकाठची, भातशेती करणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर पलीकडची वाडी तिने फुलांसाठी कसायला घेतली. साठीची बाई, एक गुडघा कायमचा रुसलेला. डोक्यावर टोपली, आणि आमच्या इमारतीत तिची एकतीस घरं. सगळे झोपलेले असताना जाळीला फुलांची पुडी अडकवायची आणि खाली उतरायचं. तिचं सगळं पोट त्या एकतीस दारांवर होतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढचा घोळ मी केला.

एका संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. सोसायटीचा सेक्रेटरी हरेश हातात मोबाइल घेऊन आला. हरेश पंचेचाळिशीचा, खाडीकडच्याच गावचा, बाप भात लावायचा. हा आता अंधेरीला कुठल्या तरी कंपनीत सिक्युरिटी सिस्टीम विकतो.

"काका, हे बघा. कितीतरी दारांना बांधलंय. काय असेल?"

फोटोत जाळीच्या अगदी खालच्या टोकाला केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीचा दोरा होता, आम्ही वाडीवाले ज्याने हार ओवतो, पानाचे भारे बांधतो तो. त्याला दोन गाठी.

मला खरंच ठाऊक नव्हतं. पण ‘माहीत नाही’ हे शब्द माझ्या तोंडातून सत्तर वर्षांत बाहेर पडलेले नाहीत. मी आवाज खाली आणला, इकडेतिकडे पाहिलं.

"हरेश, हा फोटो कुणाला दाखवलास?"

"का? काय झालं?"

"माझ्या आजाच्या वेळी अर्नाळ्याच्या सुरूच्या बनात एक टोळी होती. गाठवाले. दिवसा केळी विकायचे आणि जाता जाता दाराला सोपट बांधून जायचे. एक गाठ म्हणजे घरात म्हातारी माणसं. दोन म्हणजे सोनं. तीन म्हणजे कुत्रा आहे, पण चावत नाही."

"मग?"

"मग काय! आजाने त्यांच्या म्होरक्याला बावखलात तीन दिवस मानेपर्यंत बुडवून ठेवलं. चौथ्या दिवशी त्याच्या दाढीत कोळंबी सापडली."

मला वाटलं, कोळंबीला तरी हसतील. कोणी हसलं नाही. रात्रीचं जेवण व्हायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: ‘सावधान! गाठवाले टोळी सक्रिय. ज्येष्ठ नागरिकांकडून मिळालेली खात्रीलायक माहिती.’ वर पोलिसाच्या टोपीचं चित्र. कोळंबी तेवढी गाळली होती.

सकाळी समोरच्या आग्नेसबाय दारात. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, सोबतीला टायगर नावाचा म्हातारा कुत्रा.

"शरदभाऊ, माझ्या दाराला तीन गाठी आहेत हो."

"असतील."

"टायगर चावत नाही, हे त्यांना कसं कळलं?"

मी आमच्या जाळीपाशी वाकलो. एक गाठ. घरात म्हातारी माणसं. वरच्या मजल्यावर नवी सून आलेल्या घराला दोन. सोनं. स्वतःच्या तोंडातून निघालेली गोष्ट जिना चढून आपल्याच दाराशी येऊन बसली, तर माणसाने कुणावर विश्वास ठेवायचा? मनात आलं, आजाच्या वेळी खरंच असे लोक असतील आणि मी लहानपणी ऐकून विसरलो असेन. त्या दिवसापासून मी गॅसवाल्याकडे संशयाने बघायला लागलो. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या पोराला सरलेने पाणी दिलं, तर मी ग्लास मोजले.

"अहो, तुम्हीच सांगितलेली थाप ना ती?" सरला म्हणाली.

"थाप होती. आता तसं म्हणता येत नाही."

हरेशने फर्मान काढलं, सगळ्यांनी गाठी कापून टाका. लोकांनी कापल्या. दुसऱ्या दिवशी काही दारांना पुन्हा आल्या, आणि भलत्याच दारांना आल्या. काल आमच्याकडे एक होती, आज तीन. ग्रुपवर लोक फोटो टाकत होते, ‘आमच्याकडे पण’, ‘आमच्याकडे दोन झाल्या’. एकाच बोळातली माणसं एकमेकांना मोबाइलवर विचारत होती. चार पावलं चालून समोरचं दार वाजवावं असं कुणाला वाटलं नाही. वाजवलं असतं तरी आतल्याने भिंगातून बघून उघडलं नसतं.

आणि हरेशला फट आठवली.

"काका, एण्ट्री पॉइंट तोच आहे. गेटवर वॉचमन, ॲप, कॅमेरा, सगळं टाइट. मागून मात्र खुल्लम खुल्ला! रविवारी मीटिंग लावलीय. ठराव पास झाला की सोमवारी भिंत."

"अरे, गावची वाट आहे ती."

"गाव राहिलंय कुठे, काका?"

शुक्रवारी पांढऱ्या हलक्या ब्लॉकांचा टेम्पो आला आणि फटीशेजारी थप्पी लागली. तेव्हाही मला हंसा आठवली नाही, हे कबूल करतो. माझ्या डोक्यात गाठवालेच फिरत होते.

शनिवारी सकाळी सरला पुडी सोडत होती. आत पांढऱ्या तगरीचा लांब हार निघाला.

"हे काय? मी जास्वंद आणि दूर्वा सांगितल्या होत्या. चार दिवस झाले, हंसाचं काहीतरी बिनसलंय."

तेवढ्यात आग्नेसबाय जास्वंद आणि दूर्वा घेऊन आल्या. "सरलाताई, माझ्या क्रुसाला गणपतीची फुलं आलीत. तुमच्याकडे माझा हार आला का?"

दोघी हसत बसल्या. समोरासमोर राहून पहिल्यांदाच आग्नेसबायनी आमच्याकडे चहा घेतला. मी मात्र खुर्चीत ताठ झालो. चार दिवस. गाठी कापून चारच दिवस झाले होते.

रविवारी पहाटे साडेपाचला मी आमच्या दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा राहिलो. बोळात काळोख. मग दिवा लागला आणि फुगलेल्या डोक्याचं, बारीक पायांचं काहीतरी लंगडत आलं. आमच्या दारापाशी थांबलं. दिवा विझला. आता नुसतं सोपटाचं खसखसणं ऐकू येत होतं. माझ्या हातात लाटणं होतं. मी दार उघडलं.

"अगो बाय!" हंसा किंचाळली. "दादा, जीव घेता का माजा? लाटनं घेऊन काय करताव, पोल्या लाटताव का पहाटे?"

फुगलेलं डोकं म्हणजे टोपली होती.

"हंसा, या गाठी तू बांधतेस?"

"मंग कोन बांधनार? तुमची ही बिल्डिंग बांधनाऱ्याला एकदा मना दाखवा, दादा. सगली दारं एकसारखी! गावात कसं, चिंचेवाली, विहिरीवाली, काल्या दरवाज्यावाली. हितं काय बघून ओलखू? आकडे तं विंग्रजी. म्हनून गाठी. एक म्हंजे देवाची पुडी. दोन म्हंजे पुडी आनी गजरा. तीन म्हंजे क्रुसाचा हार. आता कोन मेला रोज कापून टाकतो, कोन जानं! आठवंल तशी परत बांधते मी, आनी मंग चुकते. काल एकीनं शिव्या घातल्या."

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. गाठवाले, कोळंबी, भिंत. ती हसेल असं वाटलं होतं. तिने ग्लास खाली ठेवला.

"भिंत घातली तं मना मोठ्या रस्त्यानं फिरून यावं लागंल. ह्या गुडघ्यानं तास जाईल. आनी गेटवरचा तो म्हनतो, ज्या घरी जायाचं त्यांना मोबाइलवर उठवा. पहाटेला एकतीस घरं उठवू का, दादा?"

"नाही गं."

"तुमी लान असल्यापासून थापा मारताव, सगल्या गावाला म्हाईत. गाव ऐकतं नि इसरतं. ह्या लोकांना कशाला सांगितलीत?"

मी लाटणं उचललं आणि आत ठेवून आलो.

अकरा वाजता पार्किंगमध्ये सभा भरली. नव्वदएक माणसं, प्रत्येक जण पाठ खांबाला लावून उभा. हरेशने ठराव वाचायच्या आधी मी उठलो.

"गाठवाले कधीच नव्हते. ती गोष्ट मी रचली. गाठी हंसा बांधते, फुलवाली. दारं ओळखू यावीत म्हणून."

आयुष्यात इतकं खरं मी एकाच दमात कधी बोललो नव्हतो. मग हरेश हसला.

"काका, तुम्ही शेवटी गाववालेच."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सांभाळून घेणारच ना! त्या दिवशी इतकं डिटेलमध्ये सांगितलंत. सुरूचं बन काय, टोळी काय. आणि आज म्हणता रचलं?"

"अरे, दाढीत कोळंबी सापडते का कधी?"

"एक मिनिट," मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे ती फुलवालीच खबर देते!"

"करेक्ट!" हरेश टाचा उचलून म्हणाला. "आता लिंक लागली. रोज पहाटे चारही विंग फिरते. कोण गावाला गेलंय, कुणाची पुडी दुपारपर्यंत लटकतेय, हिला सगळं माहीत. गेटवर नोंद नाही. फटीतून येते, फटीतून जाते."

"हंसाला मी वीस वर्षं ओळखते," आग्नेसबाय म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही भोळ्या आहात. तिचा फोटो काढून पोलिसांना देऊ."

थापेने नुसती भिंत आणली होती. खऱ्याने हंसाला चौकीत नेऊन बसवायची तयारी केली. मी पाहिलं, लोकांचे हात वर व्हायला निघाले होते. खरं बोलून झालं होतं, आता मला येतं तेच करायला हवं होतं. मी डोकं धरून खुर्चीत बसलो आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला.

"ठीक आहे. लपवत होतो ते सांगतो."

हात होते तिथे थांबले.

"गाठवाल्यांची गाठ काथ्याची असते. नारळाच्या. सोपटाची गाठ असते ती उलटी."

"उलटी म्हणजे?" हरेशने विचारलं.

"माझ्या आजाने म्होरक्याला बावखलातून बाहेर काढलं ते एका शपथेवर. ज्या दाराला सोपट, त्या दाराला गाठवाले हात लावणार नाहीत. कारण त्या दाराशी पहाटे गावचं माणूस येतं. चोराला कुत्रा चालतो, कुलूप चालतं, तुमचा कॅमेरा तर फारच चालतो. रोज ठरल्या वेळी येणारं माणूस चालत नाही. काल कडी लावलेली होती, आज सैल आहे, हे तेच बघतं. म्हणून सोपट दिसलं की गाठवाले पुढच्या दाराकडे जातात."

खांबांना लावलेल्या पाठी सुटल्या होत्या. हरेशची बायको रचना पुढेच उभी होती. तिने हळूच विचारलं, "काका, आणि ज्या दाराला गाठच नाही?"

मी तिच्याकडे बघितलं. मग हरेशकडे बघितलं. हरेशच्या घरी फुलं जात नव्हती. त्याच्या देव्हाऱ्यात प्लास्टिकचा हार आणि विजेचा दिवा. मी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि खाली बघून चपलेत पाय सरकवले. इतकी मोठी थाप मी त्याआधी कधी मारली नव्हती आणि तिच्यात एकही शब्द नव्हता.

"पण मग आम्ही तर गाठी कापून टाकल्या!" कुणीतरी ओरडलं, आणि सभा लिफ्टकडे धावली. ठराव हरेशच्या हातात तसाच राहिला.

संध्याकाळी पाचला आमची बेल वाजली. भिंगातून फुगलेल्या डोक्याचा हरेश दिसला. आत येऊन त्याने दार लावलं, कडी घातली.

"काका, मी असल्या गोष्टी मानत नाही."

"उत्तम."

"रचना घाबरलीय. तेवढी एक गाठ आमच्या दाराला… तुम्हीच बांधा ना. सोपट मी आणतो."

"माझी चालत नाही. हंसाने बांधलेली लागते. आणि ती फुलं घेणाऱ्यालाच बांधते."

"मग फुलं लावतो. तिला सांगा."

"सांगेन. पण उद्या भिंत झाली की ती येणार कुठून?"

हरेशने माझ्या तोंडाकडे बघितलं. तो मूर्ख नाही. त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं, हा म्हातारा मला खेळवतोय हे त्याला नव्वद टक्के कळलंय. उरलेल्या दहा टक्क्यांनी त्याने दाराची कडी पुन्हा चाचपून बघितली.

"गवंडी तसाही उद्या येणार नव्हता," तो म्हणाला. "त्याच्या गावी काहीतरी आहे."

गवंडी माझ्या ओळखीचा, त्याचं गावच विरार. मी सरलेला चहा टाकायला सांगितलं.

पुढच्या पंधरवड्यात हंसाची घरं एकतिसाची नव्वद झाली. तिने मदतीला भाची घेतली. मग एक दिवस ती माझ्यावरच उखडली.

"दादा, आता सगल्याच दारांना गाठी! परत सगली एकसारखी! मी काय बघून ओलखू? सांगा तुमच्या लोकांना, दाराशी आपलं काहीतरी ठेवा. नायतं क्रुसाला दूर्वा जातील."

मी सांगितलं. पटावं म्हणून त्यात आजाला घालावं लागलं. सरलेने दाराशी तुळस ठेवली. आग्नेसबायनी टायगरची जुनी गोणपाटाची गादी बाहेर काढली, आणि टायगर तिच्यावर दिवसभर पडून बोळातला दिवा लावतो, विझवतो. बी विंगमधल्या त्या चहावालीने कपबशीचं चित्र लावलंय. माझ्यासाठी, असं म्हणते. हरेशच्या दाराशी एके सकाळी इरलं टांगलेलं दिसलं, भात लावताना डोक्यावर घेतात ते, पानांचं, जुनं, कडेला कुरतडलेलं.

"बापाचं का रे हे?" मी विचारलं.

"डेकोरेशन आहे," तो म्हणाला.

हंसा त्याला आता ‘इरल्यावाला’ म्हणते. भिंतीचा ठराव दर महिन्याच्या सभेत विषयपत्रिकेवर असतो आणि वेळेअभावी पुढे ढकलला जातो. ब्लॉकांची थप्पी तशीच आहे. हंसा तिच्यावर टोपली टेकवते आणि गुडघा चोळते. आम्ही म्हातारे हल्ली खुर्च्या सोडून तिथेच बसतो, कारण तिथून वाट दिसते. कोणी नवा माणूस फटीतून आला की चार तोंडांतून एकदम निघतं, "कुणाचा रे तू?"

परवा हरेश तिथे आला. माझ्या शेजारी बसला, आवाज खाली आणला, इकडेतिकडे पाहिलं.

"काका, खरं सांगा. हंसामावशी आमची गाठ बाकीच्यांपेक्षा सैल बांधते. मी सगळ्या मजल्यांवर चेक केलं. मुद्दाम करते का?"